बुडालेल्या रोजाचा पंचनामा

चिपळूण, 16 मार्च 2022

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याची आर्थिक पाहणी 10 मार्चला विधिमंडळात मांडली गेली. चालू वर्षात राज्याची अर्थव्यवस्था 12.1 टक्क्यांनी वाढेल, देशाची वाढ मात्र 8.9 टक्के राहील, असा तिचा अंदाज आहे. आपल्या अंकात या बातमीच्या मथळ्यात ‘झेप’ हा शब्द वापरला होता. त्या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती नुसती शब्दाला नाही. हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्या तक्रारी कापाव्यात, हिशेब तेवढा ठेवावा.

वाणिज्य शाखेच्या मुलांना तीस वर्षे टक्केवारी शिकवली असल्यामुळे साधे गणित आधी मांडतो. गेल्या वर्षीच्या, म्हणजे मार्च 2021 मधील पाहणीत 2020-21 साली राज्याची अर्थव्यवस्था 8 टक्क्यांनी आक्रसेल असा अंदाज होता. महामारीपूर्वी जे 100 होते ते 92 झाले, आणि त्या 92 वर 12.1 टक्के वाढ धरली की 103 होतात. याचा अर्थ, दोन वर्षांत मिळून आपण तीन टक्के पुढे सरकलो आहोत. महामारी आली नसती आणि राज्य वर्षाला अगदी पाच टक्क्यांच्या संथ चालीने चालले असते, तरी आज 110 वर असते. विहिरीत पडलेला माणूस काठावर आला याचा आनंद जरूर मानावा, पण त्याला झेप म्हणू नये. अंतिम आकडे हाती येतील तेव्हा यात थोडाफार फरक पडेल हे मला ठाऊक आहे, तरी मुद्दा बदलणार नाही.

मुद्दा असा की हे 103 कोणाचे आहेत? मार्च 2021 च्या त्याच पाहणीत 2020-21 साठी उद्योगक्षेत्रात 11.3 टक्के आणि सेवाक्षेत्रात 9 टक्के घट, तर कृषी व संलग्न क्षेत्रात 11.7 टक्के वाढ दाखवली होती. शेतीने राज्याला तारले, असे तेव्हा भाषणांतून सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते. मात्र राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा लहान आहे, सेवाक्षेत्राचा निम्म्याहून अधिक. शिवाय तो 11.7 चा आकडा राज्याचा होता, आमचा नव्हता. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. त्याआधी ऐन आंब्याच्या हंगामात टाळेबंदी होती. पेट्या भरलेल्या, पण वाशीची बाजार समिती कधी चालू तर कधी बंद, आणि मालवाहू गाडी मिळाली तर ड्रायव्हर मुंबईत जायला तयार नाही. काही बागायतदारांनी गृहनिर्माण संस्थांना थेट पेट्या पोहोचवून हंगाम निभावला. ज्यांच्याकडे फोनवर मागणी घेणारा मुलगा नव्हता, त्यांचा आंबा इथेच मातीमोल गेला.

तरीही, आणि हे मी कोकणातला असूनही लिहितो, शेतीचे नुकसान झाले की सरकारला ते दिसते. वादळ आले की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात, सातबारा पाहतात, झाडे मोजतात आणि पंचनामा होतो. हेक्टरी भरपाईचे माप गुंठ्यांत जगणाऱ्या कोकणाला लागू पडत नाही, ही तक्रार तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. पैसे उशिरा येतात, कमी येतात, कोणाचे नाव राहून जाते. पण एक यंत्रणा आहे, तिला नियम आहेत, आणि नाव राहिले तर कुठल्या टेबलासमोर जाऊन उभे राहायचे ते माणसाला ठाऊक असते. गेल्या वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हाही हेच झाले. चिखल पुरता निघाला नव्हता तोवर पंचनामे सुरू झाले. ऑगस्टमध्ये पूरग्रस्तांसाठी 11,500 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात दुकानदाराला 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्याला 10 हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. रक्कम अपुरी होती, पण टपरीची नोंद झाली होती.

महामारीने जे नुकसान केले ते वेगळ्या जातीचे होते. तिने झाड पाडले नाही की घराचे पत्रे उडवले नाहीत. तिने रोज, म्हणजे दिवसाची कमाई, बुडवला, आणि बुडालेल्या रोजाचा पंचनामा करणारा तलाठी या राज्यात नाही.

माझा एक जुना विद्यार्थी दादरच्या एका खानावळवजा हॉटेलात अकरा वर्षे वाढप्याचे काम करत होता. राहायचा तिथेच, रात्री टेबले सरकवून. मालक वाईट नव्हता. मार्चचा पगार त्याने पूर्ण दिला, एप्रिलला निम्मा दिला आणि मग हात जोडले. नोकरी गेली त्याच दिवशी छप्परही गेले. मे महिन्यात हा मुलगा मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले पायी गावी पोहोचला, तेव्हा त्याला चौदा दिवस आमच्याच शाळेत विलगीकरणात ठेवले. ज्या वर्गात मी त्याला रोजकीर्द शिकवली होती, त्याच वर्गात. त्याचा धाकटा भाऊ कांदिवलीला रिक्षा चालवायचा. परमिट दुसऱ्याचे, हा रात्रपाळीचा चालक. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा निर्बंध आले आणि मुख्यमंत्र्यांनी 5,476 कोटींचे साहाय्य जाहीर केले, त्या रात्री दोघांचाही मला फोन आला. सर, अर्ज कुठला भरायचा?

दोघांसाठीही अर्ज नव्हता. त्या साहाय्यातील सुमारे 3,300 कोटी कोविडच्या उपचार-सुविधांसाठी जिल्ह्यांना होते, आणि त्या दिवसांत ते अटळ होते, कारण 18 एप्रिलला एकाच दिवसात राज्यात 68 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. उरलेल्या रकमेतून नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1,500 रुपये द्यायचे होते. फेरीवाले पाच लाख आणि रिक्षावाले बारा लाख, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्येक नावाआधीचे विशेषण वाचावे: नोंदणीकृत, अधिकृत, परवानाधारक. सरकारने हात आखडता घेतला असे मी म्हणत नाही. तिजोरीची अवस्था पाहता तेवढे देणेही सोपे नव्हते, आणि शिवभोजन थाळी त्या काळात मोफत केली त्याचा उपयोग नक्कीच झाला. पण सरकार पैसे त्यालाच देऊ शकले, ज्याला ते ओळखत होते. हॉटेलातला वाढपी, कपड्यांच्या दुकानातला सेल्समन, घरोघरी पार्सल पोहोचवणारा पोरगा, लग्नाच्या हंगामावर वर्ष काढणारा मंडपवाला आणि बॅंडवाला, शाळेच्या बसवरची मदतनीस बाई, दुसऱ्याच्या परमिटवर रात्र काढणारा रिक्षाचालक, यांना राज्य ओळखत नव्हते. सेवाक्षेत्र 9 टक्क्यांनी आक्रसले म्हणजे मुख्यतः ही माणसे आक्रसली. संगणकासमोर बसून घरून काम करणारा त्या 9 टक्क्यांत फारसा नव्हता.

आता याच काळातील दुसरा एक निर्णय पाहावा. ऑगस्ट 2020 मध्ये मंत्रिमंडळाने मुद्रांक शुल्कात सवलत दिली. मुंबईत घरखरेदीवर 5 टक्क्यांऐवजी डिसेंबरअखेर 2 टक्के आणि त्यानंतर मार्चअखेर 3 टक्के. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. दर कमी करूनही व्यवहार वाढले, अडकून पडलेल्या इमारतींना गिऱ्हाईक मिळाले आणि गवंड्याला, सुताराला, रंगाऱ्याला काम मिळाले. महसुलाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्या मंदीत तो शहाणपणाचाच ठरला. परंतु एक कोटीचे घर घेणाऱ्याचे त्या डिसेंबरात तीन लाख रुपये वाचले, आणि पुढच्या एप्रिलात रिक्षावाल्याला दीड हजार मिळाले. हे प्रमाण दोनशेला एक असे पडते. घर घेणाऱ्याला कोणी विचारले नाही की त्याचा पगार महामारीत बुडाला होता का. त्याचा दस्त हीच त्याची ओळख होती.

खर्चाच्या बाजूलाही हेच दिसते. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने विकासखर्च 33 टक्क्यांवर आणला आणि आरोग्यासारखी काही खाती वगळता नव्या नोकरभरतीला मनाई केली. (त्याच सोमवारी दारूची दुकाने उघडली होती आणि त्यांच्यासमोरच्या रांगांची छायाचित्रे आपणही छापली होती. जीएसटी आल्यानंतर राज्याच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे जे थोडे कर उरले आहेत त्यांत मद्य आणि इंधन हे दोन मोठे, हे लक्षात घेतले की त्या रांगांचे अर्थशास्त्र कळते.) उत्पन्न आटले असताना खर्च कापण्याखेरीज मार्ग नव्हता हे मान्य. पण विकासखर्च म्हणजे नुसते पूल आणि इमारती नव्हेत. तालुक्याच्या पातळीवर तो म्हणजे खडी, वाळू, ट्रॅक्टर, मजूर आणि मजुरांना उधारीवर सामान देणारा वाणी. केंद्राने 17 मे रोजी राज्यांची कर्जमर्यादा सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर नेली, मात्र त्यातला अर्धा टक्काच विनाअट होता. बाकीचा शिधापत्रिका, उद्योगसुलभता, नागरी संस्था आणि वीज या चार सुधारणांना बांधलेला. अडचणीत सापडलेल्याला कर्ज देताना घातलेल्या या अटी योग्य होत्या की नव्हत्या, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता पुढे काय, याचा विचार करताना मला वारंवार 1972 आठवते. त्या दुष्काळात मी शाळकरी होतो. कोकणात त्याची झळ देशावरच्यासारखी नव्हती, पण घाटावरून आलेले नातेवाईक खडी फोडायला जाणाऱ्या बायकांच्या हकिकती सांगत, त्या अजून विसरलेलो नाही. त्या संकटाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर मदतीचे वाटप एवढेच नव्हते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूरला त्याआधीच करून पाहिलेला प्रयोग राज्याने उचलला आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला काम देणे ही सरकारची कृपा न राहता बांधिलकी झाली. केंद्राने 2005 मध्ये जो कायदा केला, त्याची मुळे इथली आहेत.

या कायद्याची पैशाची बाजू आज विसरली गेली आहे. 1975 पासून पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, आणि शहरातल्या माणसाच्या पगारातून कापलेल्या या रुपयांवर खेड्यातल्या मजुराच्या हमीचा पाया घातला गेला. माझ्याही पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 अशी कपात असे. वर्षाचे 2,500. कमाल मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने ठरलेली, ती आजतागायत तेवढीच आहे. तेव्हाचे अडीच हजार आणि आताचे अडीच हजार यांत किती अंतर पडले, ते कोणत्याही गृहिणीला विचारावे. ती मर्यादा वाढवणे संसदेच्या हाती आहे, राज्याच्या नाही. पण राज्याच्या खासदारांनी ही मागणी लावून धरल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

रोजगार हमीतून पुढे 1990 मध्ये फळबाग लागवडीची योजना निघाली आणि आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिसणारी कितीतरी आंबा-काजूची कलमे त्या योजनेतली आहेत. संकटाच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता अशी तीस वर्षांनी फळे देते. म्हणून विचारावेसे वाटते, 2020 च्या संकटातून आपण असे कोणते कलम लावले? आरोग्याच्या बाबतीत काही लावले आहे. ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले, गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आरोग्य संस्थांसाठी चार वर्षांत 7,500 कोटींची योजना आली. ती कागदावर राहू नये एवढेच. पण रोज बुडण्याच्या बाबतीत काहीही नाही. चौथी लाट आली, किंवा महामारीऐवजी दुसरेच काही आले आणि शहरे पुन्हा दोन महिने बंद पडली, तर राज्याकडे आज नेमकी तीच यादी आहे जी एप्रिल 2021 मध्ये होती. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर ऑगस्टपासून नोंदणी चालू आहे, माझ्या त्या विद्यार्थ्याने कार्ड काढलेही आहे. पण संकट आले तर त्या कार्डाच्या आधारे त्याला काय मिळेल, हे त्या कार्डावर लिहिलेले नाही.

राजस्थानने गेल्याच महिन्यात शहरांसाठी शंभर दिवसांच्या रोजगार हमीची घोषणा केली. केरळात शहरी हमीची योजना दहा वर्षांहून अधिक काळ आहे. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्याच्या 11 मार्चच्या अर्थसंकल्पात शहरी कष्टकऱ्यासाठी अशी कोणतीही हमी नाही. तरीही राजस्थानची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. अकरा वर्षे ताटे वाढलेल्या माणसाला गटार उपसायला पाठवणे ही हमी नव्हे. माझ्या मते अधिक जवळचा आणि अधिक आपला नमुना माथाडी कायद्याचा आहे. 1969 मध्ये याच राज्याने केला. हमाल एका मालकाचा नसतो, आज या पेढीचा तर उद्या त्या. म्हणून मंडळ निर्माण केले, कामगार आणि मालक दोघांची नोंद तिथे केली, मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाकडून घेतली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय केली. आजचा पार्सल पोहोचवणारा मुलगा, पाळीचा रिक्षाचालक किंवा हॉटेल कामगार त्याच अवस्थेत आहे: काम आहे, मालक धूसर आहे. त्यांच्यासाठी तसेच मंडळ आणि तशीच लेव्ही, आणि सरकारी आदेशाने धंदा बंद ठेवावा लागला तर ठरावीक दिवस निम्मा रोज देणारा निधी, हे अशक्य का मानावे? माथाडी मंडळांचा कारभार निर्दोष आहे असे मी समजत नाही. टोळ्यांची दादागिरी आणि खोट्या नोंदी यांच्या बातम्या आपणच देत असता. पण दोष दुरुस्त करता येतात. जे मंडळच नाही ते दुरुस्तही करता येत नाही. बांधकाम कामगारांचे मंडळ बांधकामावरील 1 टक्का उपकरातून चालते, आणि पहिल्या टाळेबंदीत सर्वांत आधी ज्यांच्या खात्यात पैसे गेले त्यांत हेच कामगार होते. मंडळ होते, यादी होती, निधी होता, म्हणून गेले.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. 2022-23 च्या अर्थसंकल्पात 4 लाख 3 हजार कोटींची महसुली जमा आणि 24,353 कोटींची महसुली तूट दाखवली आहे. डोक्यावरचे कर्ज साडेसहा लाख कोटींच्या घरात जाईल. त्याहून गंभीर गोष्ट अशी की जीएसटी लागू करताना केंद्राने राज्यांच्या करउत्पन्नात दरसाल 14 टक्के वाढीची, आणि कमी पडेल ते भरून देण्याची, जी हमी दिली होती, तिची पाच वर्षे येत्या 30 जूनला संपत आहेत. ऑगस्ट 2020 मध्ये महामारीला देवाची करणी म्हणत केंद्राने आधी राज्यांनाच कर्ज काढा असे सांगितले, आणि पुढे ऑक्टोबरात राज्यांच्या वतीने 1 लाख 10 हजार कोटींचे कर्ज स्वतः काढले. तो प्रसंग आठवला की 1 जुलैनंतर काय होईल याची कल्पना येते. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्याबद्दल महापालिकांना द्यायची भरपाई राज्याला चुकणार नाही, केंद्राकडून येणारी मात्र थांबेल. अशा वेळी सीएनजीवरील मूल्यवर्धित कर 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आहे. रिक्षावाल्याला त्याचा थेट फायदा आहे, म्हणून मी त्याचे स्वागतच करतो. नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यांना 50 हजारांचे प्रोत्साहन देण्याचा दोन वर्षांपूर्वीचा शब्दही आता पाळला जाणार आहे. तोही योग्य. पण लेव्हीवर चालणारे मंडळ तिजोरीकडे फार काही मागत नाही. सुरुवातीचे भांडवल आणि कायदा, एवढेच त्याला लागते, आणि कायदा करायला महसुली तूट आड येत नाही.

अधिवेशन चालू आहे. आमच्या भागातील आणि मुंबईतील आमदारांना आपल्या वृत्तपत्रातून एक प्रश्न विचारण्याची विनंती करतो, आणि तो तारांकित असावा म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागता येईल आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतील. एप्रिल 2021 मध्ये जाहीर झालेले दीड हजार रुपये बारा लाख रिक्षावाल्यांपैकी किती जणांच्या आणि पाच लाख फेरीवाल्यांपैकी किती जणांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाले, किती अर्ज नामंजूर झाले आणि कोणत्या कारणांनी? ही उत्तरे जिल्हावार मिळावीत. माझा तो विद्यार्थी गेल्या दिवाळीनंतर पुन्हा दादरला गेला आहे. हॉटेल तेच आहे, पगार पूर्वीपेक्षा दोन हजारांनी कमी आहे, आणि रात्री टेबले सरकवून झोपण्याची सोय पूर्ववत सुरू झाली आहे.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक
चिपळूण, जि. रत्नागिरी